दसरा काढणं

भादव्याची पौर्णिमा उलटली की आजी वलणीखाली जाऊन उभी राहायची. माळवदाच्या लगांना दोरांनी टांगलेल्या त्या लांब बांबूवर घरातल्या सगळ्या वाकळा दुमडून टाकलेल्या असत. एकेकीची कड ती हातात घ्यायची, नाकाला लावायची आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "कुबट वास मारायलाय. दसरा काढाय पायजे आता."

आमचं गाव लातूर जिल्ह्यातलं, तेरणेच्या काठचं. 'दसरा काढणं' हे बोलणं आमच्याकडे, सोलापुरात आणि खाली सातारा-सांगलीपर्यंत चालतं. घटस्थापनेआधीच्या पंधरवड्यात घर आतून-बाहेरून रिकामं करायचं, धुवायचं, खरवडायचं, लिंपायचं आणि मग पुन्हा लावायचं, या सगळ्याला मिळून हे दोन शब्द. दिवाळीची साफसफाई त्यामानाने वरवरची असते. घराची वर्षाची खरी डागडुजी दसऱ्याला होते. मी पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. या बोलण्यातल्या क्रियापदाकडे माझं लक्ष फार उशिरा गेलं, आणि गेलं तेव्हा आम्ही त्याची किंमत मोजून बसलो होतो.

आमच्या भागात थंडी हाडं गोठवणारी नसते. पौषात पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, एखाद्या वर्षी त्याच्याही खाली जातो. पण मातीच्या घराला थंडीहून मोठी भीती ओलीची. चार महिने पाऊस खाल्लेली भिंत आतून ओली राहिली तर पुढचे चार महिने ती गारठा धरून ठेवते. ओलसर वाकळ अंगावर घेतली तर ती ऊब देण्याऐवजी अंगातली ऊब पिऊन घेते. बळदात ओल गेली तर ज्वारीला कीड लागते. म्हणून पाऊस सरता सरता आणि कोजागरीच्या रात्रींचं दव पडायला लागण्याच्या आत, म्हणजे भादव्याच्या अखेरच्या कडक उन्हात, घर वाळवून घ्यायचं. शेतातही तेव्हा थोडी उसंत असते. मूग-उडीद घरात आलेले असतात आणि रब्बीच्या ज्वारीची पेरणी अजून धरलेली नसते. हस्ताचा पाऊस मात्र केव्हाही गाठतो. भिजवलेल्या वाकळा आणि उघडं पडलेलं घर यांच्यावर हस्त कोसळला तर सगळी मेहनत मातीमोल. त्यामुळे आजीचा एक डोळा कामावर असायचा आणि एक आभाळावर.

पहिला दिवस अंथरुणा-पांघरुणांचा. वाकळ म्हणजे तीन-चार जुनी लुगडी, त्यांच्या पोटात फाटकी धोतरं, सदऱ्यांचे तुकडे, आणि सगळ्यांतून कडेपासून मध्यापर्यंत चौकोनात फिरत गेलेला धावदोरा. कोरडी वाकळ एक बाई सहज उचलते. भिजलेली उचलायला चौघी लागतात. बैलगाडीत वाकळांचा ढीग, त्यावर आम्ही मुलं, आणि गाडी नदीच्या खडकाळ उतारावर. आजीच्या लहानपणी राखेचं निवळ पाणी वापरत; माझ्या लहानपणी धुण्याचा सोडा आला होता. आधी सोड्यात मुरवायची, मग पायांनी तुडवायची, मग दगडावर बडवायची, मग दोघींनी इकडून आणि दोघींनी तिकडून धरून पिळायची. पहिलं पाणी काळं, दुसरं करडं, तिसरं नदीसारखं झालं की वाकळ खडकावर पसरायची. दुपारपर्यंत नदीचा सगळा काठ लुगड्यांच्या रंगांनी भरून जायचा. कुणाच्या वाकळेत कुणाच्या सासूचं लुगडं आहे, हे बायकांना लांबून ओळखू यायचं. मेलेल्या माणसांची वस्त्रं वर्षातून एकदा अशी उन्हात यायची आणि बायका त्यांच्याबद्दल बोलायच्या.

वाळलेल्या वाकळांपैकी विरलेल्या बाजूला काढायच्या. त्यांचा टाका उसवून आतली सड काढून टाकायची आणि मगच नवा थर घालायचा. सड तशीच ठेवून वरून लुगडं चढवलेली वाकळ जड होते, उबदार होत नाही, असं आजी सांगायची.

घोंगडीची गोष्ट वेगळी. ती नदीवर न्यायची नाही, सोड्यात घालायची नाही. काळ्या दख्खनी मेंढीची लोकर धनगराघरी कातली जाते, सणगर ती विणतो आणि विणून झाल्यावर तिला चिंचोक्याची खळ देतो. चिंचोके कुटून, भिजवून, शिजवून केलेली ही चिकट खळ कुंच्याने घोंगडीवर फिरवली की लोकरीचे केस बसतात, वीण घट्ट होते, आणि नवी घोंगडी पत्र्यासारखी ताठ उभी राहते. पावसाळ्यात आजोबांनी तिचीच खोळ करून डोक्यावर घेतलेली असायची. दसऱ्याला ती उन्हात टाकून, काठीने झोडून, झटकून घ्यायची. पावसात जी छत्री होती तीच थंडीत पांघरूण व्हायची.

हे काम फक्त आमच्याच घरी चालतं असं वाटू नये म्हणून आजी तुळजापूरचा दाखला द्यायची. तुळजाभवानीची मूर्ती भाद्रपद वद्य अष्टमीला सिंहासनावरून काढून पलंगावर निजवतात आणि घटस्थापनेला पुन्हा सिंहासनावर बसवतात. तिला मंचकी निद्रा म्हणतात. त्याआधी देवीच्या गादीचा कापूस नव्याने पिंजला जातो. दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की देवी पुन्हा निजते ती कोजागरीपर्यंत, आणि तो पलंग नगरकडून पायी येतो. आजी म्हणायची, "देवीची गादी उसवून पिंजत्यात, मग आपली का नाही?" तुळजापूरच्या पंचक्रोशीत वाढलेल्या बायकांना हा पंधरवडा म्हणूनच निव्वळ कष्टाचा वाटत नसे. देवी निजलेली असते, तोवर घर आवरायचं. ती उठेल तेव्हा सगळं जागच्या जागी हवं.

दुसऱ्या दिवसापासून घर बाहेर निघायचं. उतरंडीची मडकी एकेक करून अंगणात. बाजा उन्हात उलट्या टाकून, सांध्यांत कढत पाणी ओतून ढेकूण मारायचे. तांब्या-पितळेला चिंच आणि राख. बळद रिकामं करून त्याच्या तळाला कडुनिंबाचा पाला. मग मोकळ्या झालेल्या घरात आजी हातात खुरपं घेऊन शिरायची आणि भिंत ठोकत ठोकत जायची. जिथे भद्द आवाज आला तिथे लेप सुटलेला. तिथे ती खुरपं घालून सगळा पोपडा पाडायची, आतला दगड दिसेपर्यंत. माय कधी म्हणाली की एवढं कशाला, वरून हात फिरवला तरी चालेल, तर आजीचं उत्तर ठरलेलं असायचं. "मेलेल्या मातीला जित्ती माती धरत नसती."

या लेपाची माती आणायची ती पांढरी. इथे जरा थांबायला हवं, कारण या एका शब्दात आपल्या गावांचा इतिहास आहे. जुन्या मराठी मुलखात गावाचे दोन भाग धरत: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' हे पुस्तक १९१५ साली आलं. त्यातल्या गावाचा हिशेबही या दोन शब्दांवर उभा आहे. पांढरी पांढरी का? पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी मातीच्या भिंती उभ्या राहिल्या, पडल्या, विरघळल्या; चुलीची राख, शेण, चुना, भुसा त्याच जागी मिसळत गेला. त्या सगळ्याची मिळून जी राखट, मऊ माती झाली ती पांढरी. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की तडकते. उन्हाळ्यात तिच्या भेगांत हात जातो. तिचा लेप भिंतीवर टिकत नाही. पांढरी मात्र फुगत नाही, तडकत नाही, पाणी सहज आत घेत नाही. म्हणून नव्या घराला लागणारी माती जुन्या घरांच्या जागेतूनच यायची. गाव स्वतःच्याच मातीने स्वतःला लिंपत आलं.

आमच्या भागात या मातीत आणखीही काही निघायचं. धाराशिव जिल्ह्यातलं तेर हे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक भाषेतल्या एका प्रवासवर्णनात त्याचं नाव बाजारपेठ म्हणून येतं. तिथल्या पांढरीच्या टेकाडांतून मणी, नाणी, मातीच्या मूर्ती वर येत. रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या आयुष्यभर जमवल्या, आणि आज तेरला त्यांच्या नावाचं संग्रहालय उभं आहे. ते मी मुलींच्या सहलीबरोबर पाहिलं. काचेआडच्या मण्यांपुढे उभी असताना मला वाटलं, आमच्याही भिंतींच्या लेपात कुणाकुणाची घरं असतील.

आणि लिंपण्याची ही रीत तगराहूनही जुनी आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी १९६८ पासून अनेक वर्षं उत्खनन केलं. तिथे तीन हजार वर्षांहून जुन्या शेतकऱ्यांची घरं सापडली: ठेंगण्या मातीच्या भिंती, चोपलेल्या जमिनी आणि त्या जमिनींवर पुन्हा पुन्हा दिलेले लेप. मी ते वाचलं तेव्हा मला एकदम आजीचे हात आठवले. कुणीतरी तेव्हाही पावसानंतर गुडघ्यांवर बसून जमीन सारवत होतं.

आजीची माती तयार करण्याची पद्धत मी अजून करून दाखवू शकेन. पांढरी चाळून आळं करायचं, त्यात गव्हाचा भुसा आणि शेण, मग पाणी. आम्ही पोरांनी तुडवायचं. मग ते आळं गोणपाटाखाली आठ दिवस कुजत ठेवायचं. वास यायला लागला की ती खूश. त्यातला गोळा घेऊन ती लिंबाएवढी गोळी वळायची आणि उन्हात ठेवायची. संध्याकाळी ती गोळी कमरेच्या उंचीवरून जमिनीवर टाकायची. फुटली तर भुसा कमी, ठेचली गेली तर अजून ओल आहे, आणि टण्‌कन उडाली तर माती झाली. ही झाली जाड लिंपणाची. वरच्या हातासाठी पांढरी रात्रभर डेऱ्यात भिजवून, फडक्यातून गाळून पातळ करायची आणि पोतेऱ्याने भिंतीवर फिरवायची. तो पोतारा वाळला की अंधाऱ्या घरात कंदील एकदम जास्त उजेड द्यायला लागायचा.

चुना फक्त दर्शनी भिंतीला. आमच्या लहानपणी कळीचा चुना बाजारातून यायचा. त्याआधी लोणारी लोक चुनखडी भाजून तो गावोगाव पुरवत. पिंपात पाणी ओतलं की चुना खदखदायला लागायचा, आणि आम्हाला लांब उभं राहायची ताकीद असायची. त्यात थोडी नीळ, खालच्या पट्ट्याला काव. चुन्याने भिंत पांढरी होते एवढंच नाही. पावसाळ्यात धरलेली बुरशी त्याच्या दाहाने मरते, आणि हवेतला वायू घेऊन तो हळूहळू पुन्हा दगडासारखा घट्ट होतो. भिंतीला हे वर्षाचं औषधच होतं.

आता माळवदाकडे येते.

मराठवाड्यातलं जुनं घर खणांत मोजतात. खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर लग, लगांवर किलच्या, त्यावर तुराट्या आणि कडुनिंबाचा पाला, त्यावर चोपलेली माती, आणि सर्वांत वर पांढरीचा थर, पन्हाळीकडे किंचित उतार दिलेला. याला माळवद म्हणतात. खानदेश-वऱ्हाडात त्यालाच धाबं म्हणतात. दुपारचं ऊन माळवदावर पडतं, माती ते हळूहळू खाली सोडते, आणि ती ऊब खोलीत पोचेपर्यंत रात्र झालेली असते. थंडीच्या पहाटे बाहेर शेकोटीला जाऊन परत आत आलं की घर कुशीत घेतल्यासारखं वाटायचं. उन्हाळ्यात उलट: भर दुपारी आत गारवा. एवढं काम करायला फूटभर माती पुरते.

पण पाऊस वरची पांढरी थोडी थोडी वाहून नेतो. म्हणून दर साल मृगाआधी माळवदावर नवी माती पडायची, आणि पावसाने जिथे ओघळ पाडले असतील तिथे दसऱ्याला पुन्हा डागडुजी. आमच्या घरी यालाही एक नेम होता. वरंडीच्या आतल्या बाजूच्या एका काळ्या दगडावर आज्ज्याने छिन्नीने एक आडवी चीर मारलेली होती, माळवदाच्या तळापासून बरोबर एक फुटावर. माती त्या चिरेच्या वर चढता कामा नये. म्हणजे नवी घालायची तर आधी जुनी, भिजून निकामी झालेली, खरवडून खाली टाकायची. ती खरवडलेली माती उकिरड्यावर जायची, तिथून खत होऊन शेतात. पांढरी अशी काळीत मिसळायची. आजी स्वतः शिडीने वर चढून चीर दिसते का ते बघायची. चीर दिसली की ती बोट फिरवून त्यातली धूळ काढायची आणि मगच खाली उतरायची.

माळवद खरवडायला दोन दिवस आणि चार माणसं लागायची. नुसती माती टाकायला एक दिवस आणि दोन माणसं. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी आठ वर्षांची होते. माणसं खडी फोडायला गेली, बैल विकले गेले, आणि त्या साली माळवद खरवडलं गेलं नाही. पुढच्या साली पाऊस बरा झाला. गळू नये म्हणून वरून माती टाकली. त्याच्या पुढच्या सालीही तेच. मजुरी वाढत गेली, भाऊबंद वाटणी करून वेगळे झाले, चुलते मुंबईला गिरणीत गेले. १९८१ साली आजी गेली. तिच्यामागे माय भिंती लिंपायची, वाकळा धुवायची, बळदात पाला टाकायची. दसरा दरवर्षी निघत होता. फक्त माळवदावर चढून चीर बघणारं कुणी राहिलं नव्हतं. वर माती पडत होती, आणि घर गळत नाही म्हणून आम्ही समाधानी होतो. आमच्यासारखीच कितीतरी घरं होती. आम्ही आळशी नव्हतो. आम्ही घराला जपतच होतो, दर साल, प्रेमाने, टोपलीमागून टोपली.

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून गावं झोपली होती. घट बसायला पंधरा-सोळा दिवस होते. वाकळा अजून वलणीवरच होत्या.

किल्लारीच्या भूकंपाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. हजारो माणसं गेली, लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली ५० च्या आसपास गावं दुसरीकडे हलवावी लागली. मी लातूरला नोकरीला होते. दुपारी गावात पोचले तेव्हा आमच्या गल्लीत गल्लीच नव्हती. वडील पडवीत निजले होते म्हणून वाचले. मायला शेजाऱ्यांनी काढलं. माझी धाकटी चुलती आणि तिचा मुलगा आतल्या खोलीत होते. नंतर पाऊस लागला आणि सगळ्याचा चिखल झाला. जी माती आम्ही तुडवत होतो तीच ती माती.

पुढे पाहणी करणाऱ्या जाणकारांनी जे सांगितलं ते आम्हालाही दिसत होतं. दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाडीच्या भिंती, पण गोट्यांच्या आणि मातीत बांधलेल्या. आतला पदर आणि बाहेरचा पदर यांना आरपार बांधणारे लांब दगड नाहीत. हादरा बसला तसे पदर फाकले. आणि डोक्यावर माळवदाचं ओझं. कितीतरी घरांवर मातीचा थर दोन फुटांच्या वर गेलेला होता. मजबुतीचे जे उपाय नंतर गावोगाव सांगितले गेले, त्यांत माळवदावरची माती कमी करा, हाही एक होता.

महिन्याभराने ढिगारा उपसताना वडिलांना वरंडीचा तो काळा दगड सापडला. त्याच्या एका अंगाला माती कुठवर चढली होती त्याचा डाग स्पष्ट होता. चीर त्या डागाच्या दीड फूट खाली होती.

मी गणिताची बाई. त्या रात्री पत्र्याच्या शेडमध्ये बसून मी हिशेब मांडला. आतली खोली २० फूट बाय १५ फूट. वर नेमापेक्षा दीड फूट जास्त माती. ४५० घनफूट, म्हणजे साडेचार ब्रास. ब्रासला साडेचार टन धरले तर २० टन. वीस टन माती आम्ही वीस वर्षांत, दर साल एक टन, डोक्यावरून वाहून त्यांच्या डोक्यावर नेऊन ठेवली होती. हा आकडा मी वडिलांना कधी सांगितला नाही. भिंती धड असत्या तर काय झालं असतं, माती कमी असती तर काय झालं असतं, हे मला ठरवता येत नाही. पण तो आकडा मला माहीत आहे, आणि तेव्हापासून मला 'दसरा काढणं' यातलं 'काढणं' ऐकू येतं. दसरा करणं नाही, घालणं नाही, लावणं नाही. काढणं. वाकळेतली सड काढायची, भिंतीचा मेलेला पोपडा काढायचा, उतरंडीच्या तळाचं मडकं बाहेर काढायचं, आणि माळवदाची जुनी माती काढायची. आजीच्या सगळ्या पंधरवड्यात घालण्याआधी काढणं होतं. आम्ही तिचा शब्द जपला, तिची कामंही जपली, आणि जे काम सर्वांत उंचावर होतं, कुणाला दिसत नव्हतं, तेवढं सोडलं.

त्या वर्षीची थंडी पत्र्याच्या शेडमध्ये काढली. पहाटे आतून पत्र्याला दहिवर धरायचं आणि थेंब थेंब अंथरुणावर पडायचं. मातीचं घर काय होतं ते तेव्हा अंगाला कळलं. लांबलांबून मदतीचे कपडे आले होते; कुणाचे मापाचे, कुणाचे नाही. मायने ते उसवले, धुतले, आणि दिवाळीपर्यंत त्यांच्या सहा वाकळा शिवल्या. कुठल्या अनोळखी बाईची साडी, कुठल्या शाळकरी पोराचा सदरा. घटाची काळी मात्र तिने स्वतः शेतातून आणली. त्या दसऱ्याला काढायला आमच्याकडे काही नव्हतं, पण माय सकाळी उठली आणि शेडची जमीन सारवली.

आता नवं गाव तीन किलोमीटरवर आहे, सिमेंटच्या विटांचं आणि स्लॅबचं. उन्हाळ्यात तापतं, थंडीत गारठतं, पण डोक्यावर ओझं नाही. जुन्या गावाच्या जागी बाभळी वाढल्या. उरलेल्या भिंती पावसागणिक विरघळत गेल्या आणि आज तिथे राखट, मऊ मातीचं टेकाड आहे. म्हणजे ते आता खरोखरची पांढरी झालं. दर भादव्यात मी तिथून एक पाटी माती आणते, चाळते, आणि नव्या घराच्या तुळशीचा कट्टा लिंपते. मायच्या हाताखाली शिकले तसं, जुना लेप खरवडून. चिरेचा दगड त्या कट्ट्यात बसवला आहे, चीर दिसेल असा.

वर्षातले आठ महिने मी लातुरात, मुलाच्या फ्लॅटमध्ये असते. गेल्या वर्षी आमच्या इमारतीची गच्ची गळायला लागली. ठेकेदार आला, म्हणाला आहे त्या कोब्यावर नवा कोबा टाकतो, चार दिवसांत काम होईल. मी विचारलं, याआधी किती वेळा असंच टाकलंय? कुणालाच माहीत नव्हतं. मग मी सगळ्यांना बसवून साडेचार ब्रासचा हिशेब सांगितला. पहिल्यांदाच, एवढ्या वर्षांनी, मोठ्याने. ठेकेदार म्हणाला, "बाई, जुनं फोडायला आठ दिवस जास्त लागतील, आणि खर्चही."

"लागू देत," मी म्हटलं.

तीन थर निघाले. गोणीत भरून ते खाली उतरवले जात असताना मी गच्चीवरच उभी होते. मूळचा स्लॅब दिसायला लागला तेव्हा मी खाली वाकून त्यावर हात फिरवला, आणि बोटाला लागलेली धूळ पुसून वाकळा आणायला घरात गेले. ऊन चांगलं होतं. घट बसायला अजून नऊ दिवस होते.